नवी राणी अजून दिसत नाही आणि खालच्या फ्रेम मधानं भरल्या आहेत

मुलुंड पश्चिमेच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडं कापून देतो.

"काका, आमच्या इमारतीच्या गच्चीवर सातेरीची (आपल्या देशी मधमाशीची) एक पेटी आहे, सोसायटीला विचारून ठेवलेली. फेब्रुवारीच्या शेवटी खालच्या कोठीत (पिल्लांच्या कप्प्यात) राणीघरं (नवी राणी वाढवायची खास घरं) दिसली. माश्या फुटून, म्हणजे थव्यानं पेटी सोडून, कुणाच्या तरी खिडकीत जाऊन बसतील या भीतीनं मी जुनी राणी तीन फ्रेमसकट दुसऱ्या पेटीत काढली. मूळ पेटीत टोपण (मेणाचं झाकण) लागलेली दोन राणीघरं ठेवली, बाकीची मोडली, आणि रिकाम्या जागी मेणपत्रा (पोळं बांधायला आधार म्हणून मेणाचा पातळ पत्रा) लावलेल्या तीन नव्या फ्रेम दिल्या. आज सतरा दिवस झाले. पेटी उघडली तर पिल्लं जवळपास संपलेली, अंडं एकही नाही आणि उरलेल्या पाचही जुन्या फ्रेम मधानं भरलेल्या. दोनांवर तर टोपणही लागलंय. वरच्या मधकोठीत मात्र जेमतेम. सासरे म्हणतात, मध काढून घे, नाहीतर राणी अंडी घालणार कुठं? भाऊ म्हणतो, नवी राणी गेलीच, जुनी परत आण. मी काय करू? आणि तो मध घरी खायला चालेल का?"

ताई,

मध काढू नका आणि जुनी राणीही परत आणू नका. निदान अजून आठवडाभर तरी दोन्ही नको. सासऱ्यांची शंका योग्य आहे, पण ती आत्ताची नाही. राणीला जागा मिळते की नाही हा प्रश्न राणी अंडी घालायला लागल्यावर येतो. सध्या प्रश्न एवढाच आहे की पेटीत राणी आहे का, आणि त्याचं उत्तर त्याच मधानं भरलेल्या फ्रेमवर वाचता येतं.

आधी हा मध खाली का साठला ते सांगतो, म्हणजे घाबरायचं कारण उरणार नाही. तुम्ही जुनी राणी नव्या पेटीत नेलीत, पण मूळ पेटी जागची हलवली नाहीत. त्यामुळे बाहेर चारा आणायला जाणाऱ्या सगळ्या माश्या मूळ पेटीतच परतल्या. म्हणजे आणणारे हात पूर्वीइतकेच राहिले आणि खाणारी तोंडं मात्र रोज कमी होत गेली. सातेरीची कामकरी माशी अंड्यापासून साधारण अठरा ते वीस दिवसांत घरातून बाहेर पडते. जुन्या राणीनं शेवटच्या दिवशी घातलेली अंडीसुद्धा आता एक ते तीन दिवसांत माश्या होऊन निघतील. जी घरं रिकामी झाली त्यांत नवं अंडं पडलं नाही. बाहेर मार्च महिना आहे. सावर आणि पळस संपत आले असले तरी शेवगा, नारळ आणि जांभूळ आहेत, लवकरच करंज फुलेल, आणि तुमच्या मागे येऊरचा डोंगर आहे. एवढा रस येत असताना माश्या रिकामं घर रिकामं ठेवत नाहीत.

वरच्या कोठीत त्या का गेल्या नाहीत, याचंही कारण तेच आहे. राणी अंडी घालत नसताना माश्यांना मेण बांधण्याचा हुरूप नसतो, आणि बांधलंच तर बहुतेक नरांची मोठी घरं बांधतात. तुमच्या तीन नव्या फ्रेमवर अर्धवटच बांधकाम झालं असेल, कदाचित झालंच नसेल. बांधलेली घरं फक्त खाली होती, म्हणून मध खाली गेला. वसाहत आजारी नाही, तिनं काही चुकीचंही केलेलं नाही.

आता राणीचा हिशेब. टोपण लागलेलं राणीघर फार तर आठवडाभरात फुटतं. बाहेर आलेली कुमारी राणी आणखी पाच-सहा दिवसांनी, वारा पडलेला आणि ऊन असलेलं पाहून, दुपारी नरांच्या भेटीला उडते. एका फेरीत काम भागलं नाही तर पुन्हा जाते. परत आल्यावर दोन ते चार दिवसांनी पहिलं अंडं घालते. हे सगळं जोडलं तर वसाहत विभागल्यापासून पंधराव्या ते पंचविसाव्या दिवसात केव्हाही अंडी दिसू शकतात. तुमचा सतरावा दिवस आहे. भाऊ म्हणतात तसं राणी गेलीच, असं म्हणायला अजून आधार नाही. चार आठवडे उलटूनही अंडं दिसलं नाही, तर मात्र काळजी करा.

कुमारी राणीला शोधत बसू नका. ती अंगानं बारीक असते, धावते, आणि सराईत माणसालाही अनेकदा सापडत नाही. त्याऐवजी मधल्या दोन फ्रेम उजेडाकडे धरून पाहा. ज्या पेटीत राणी आहे, तिथल्या कामकऱ्या अंडी पडण्याच्या काही दिवस आधीपासून मधल्या फ्रेमवर तळहाताएवढी जागा साफ करून ठेवतात. आतली भिंत चाटून घासतात, त्यामुळे त्या घरांचा तळ चकचकीत दिसतो. भोवती मध, वर मध, आणि मधोमध अशी स्वच्छ, कोरडी, लखलखीत घरं दिसली तर राणी आहे असं समजा आणि पेटी बंद करा. त्या तळहाताएवढ्या जागेत नव्या राणीची पहिली काही दिवसांची अंडी सहज मावतात. उलट, मधल्या फ्रेमच्या अगदी मध्यभागीसुद्धा रस ठिबकत असेल, जागा अशी कुठेच ठेवलेली नसेल, तर राणी नसण्याची शक्यता वाढते. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून पुढच्या वेळी फक्त हेच पाहा.

राणीघरंही काढून फेकू नका, आधी नीट बघा. तळाकडचं टोक गोल कापलेलं असेल, कधी झाकणासारखं लोंबत असेल, तर राणी त्यातून नीट बाहेर आली. बाजूला भोक पडलेलं असेल तर ती आतच मारली गेली. दोन ठेवलीत, त्यातलं एक असं फोडलेलं दिसेल तर चांगलंच आहे. यापुढे मात्र एकच राणीघर ठेवत चला. सातेरीला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फुटायची सवय असते. पहिली राणी बाहेर आली की ती थोड्या माश्या घेऊन निघते आणि दुसरी मागे राहते, मग शेजाऱ्यांच्या खिडकीची जी भीती तुम्हाला होती ती तशीच उरते. परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत जाताना दिसतात म्हणून राणी आहे, असं मात्र धरू नका. राणी नसलेली वसाहतही पराग आणतच राहते.

एक गोष्ट आजच तपासा. दारावर राणी अडवणारी जाळी लावलेली आहे का? सातेरी पेटी सोडून पळू नये म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण ती लावतात. नवी वसाहत बसवताना ती ठीक आहे, पण कुमारी राणीला तीच जाळी कोंडून ठेवते. तिला बाहेर पडता आलं नाही तर मिलन होत नाही, आणि तशी राणी पुढे फक्त नर देते. जाळी असेल तर आज संध्याकाळी काढा. आणि दुपारी पेटी अजिबात उघडू नका. राणी परतायच्या वेळी पेटीचं छप्पर बाजूला, दारात माणूस आणि हवेत धूर असेल, तर ती वाट चुकते.

बाविसाव्या दिवसाच्या आसपास, सकाळी ऊन चढायच्या आत, पेटी पुन्हा उघडा. अंडी दिसली तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

अंडी नसतील आणि ती चकचकीत जागाही नसेल, तर दोन पेट्यांमध्ये एकेका फ्रेमची अदलाबदल करा. जुन्या राणीच्या पेटीतून अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक फ्रेम घ्या. तिच्यावर जुनी राणी नाही याची दोनदा खात्री करा आणि माश्या झटकू नका, मऊ ब्रशनं हलकेच बाजूला करा, कारण झटक्यानं अळ्या जागच्या हलतात. ही फ्रेम मूळ पेटीच्या मधोमध ठेवा, वरच्या पट्टीवर टाचणी टोचून खूण करा. तिच्या जागी मूळ पेटीतली टोपण लागलेली एक मधाची फ्रेम, माश्या काढून, जुन्या राणीच्या पेटीत द्या. त्या पेटीत चारा आणणाऱ्या माश्या सुरुवातीपासून कमी होत्या, तिला हा मध खरोखर लागतो आहे. संध्याकाळी तिचं दार एका बोटाएवढं बारीक करा, नाहीतर मूळ पेटीतल्या माश्या आपलाच मध परत लुटून आणतील. तीन-चार दिवसांनी टाचणीची फ्रेम पाहा. तिच्यावर माश्यांनी नवी राणीघरं काढायला घेतली असतील तर राणी नाही, आणि त्या स्वतःच दुसरी तयार करायला लागल्या आहेत. राणीघरं नसतील, अळ्या नेहमीसारख्या वाढत असतील, तर राणी आहे आणि ती उशीर करते आहे, एवढंच.

या फ्रेमचा आणखी एक फायदा आहे, आणि सातेरीत तो फार मोलाचा. राणी आणि उघडी पिल्लं दोन्ही नसलेल्या वसाहतीत कामकऱ्याच अंडी घालायला लागतात, आणि सातेरीत हे लवकर होतं. एका घरात दोन-तीन अंडी, काही भिंतीला चिकटलेली, आणि नंतर कामकऱ्यांच्या घरांत इथे-तिथे फुगीर टोपणं दिसली की ओळखा. अशी वसाहत नवी राणी सहजासहजी स्वीकारत नाही. लहान अळ्यांची एक फ्रेम आत असली की हे लांबतं. जुनी राणी परत आणू नका असं म्हणालो, त्याचंही कारण इथेच आहे. आत कुमारी राणी असेल तर दोघींतली एक मरणार, आणि मरणारी बहुधा तुमची अंडी घालणारी राणी असेल.

आता त्या मधाकडे येतो. नवी राणी अंडी घालायला लागली की पेटीतलं वातावरण दोन दिवसांत बदलतं. माश्या मधल्या घरांतला मध खातात, अळ्यांना भरवण्यात वापरतात, वर नेऊन ठेवतात. रोज थोडी थोडी जागा त्या स्वतःच मोकळी करतात. पाचपैकी दोन भरलेल्या फ्रेम दोन्ही कडेच्या भिंतींना लावा, त्या तिथंच राहू द्या. ती त्यांची रोजची शिदोरी. मधल्या दोन फ्रेमच्यामध्ये, आधीपासून बांधलेली पण रिकामी अशी एखादी फ्रेम तुमच्याकडे असेल तर ती द्या. नसेल तर नव्या तीनपैकी जिच्यावर सगळ्यांत जास्त बांधकाम झालं आहे ती मध्ये सरकवा. पण हे अंडी दिसल्यावरच करा. आज रिकामी फ्रेम दिलीत तर आठवड्यात तीही मधानं भरेल आणि तुम्ही आहात तिथंच राहाल.

एवढं करूनही आठवड्यानं राणीची जागा तळहाताएवढीच राहिली, तर मधल्या एका फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागावरचं टोपण काट्यानं हलकं खरवडा. टोपण उघडलेला मध माश्या तिथं ठेवत नाहीत, वर उचलून नेतात. एका वेळी एकच फ्रेम, आणि तीही संध्याकाळी, कारण मधाचा वास सुटला की शेजारची पेटी लुटायला येते आणि गच्चीवरच्या मुंग्याही चढतात. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना, तेवढं त्याआधी पाहा.

मोबाइलवर या विषयाचे व्हिडिओ पाहाल तर बरेच जण सांगतात की भरलेली फ्रेम उचलून वरच्या कोठीत ठेवा. ते परदेशी मेलिफेरा माशीचं आणि दोन्ही कोठ्या सारख्या उंचीच्या असलेल्या पेटीचं गणित आहे. आपल्या सातेरीच्या पेटीत मधकोठीची फ्रेम उंचीनं कमी असते, खालची फ्रेम वर बसतच नाही. आपल्याकडच्या पेटीवर आपल्याकडचं शिक्षण घेतलेलं बरं. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. दोन्हीकडे सातेरीचं काम चालतं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सुट्टीत तिकडे गेलात तर फक्त मध विकत घेऊन येऊ नका, तिथल्या मधपाळांना पेटी उघडायला सांगा आणि बाजूला उभं राहून त्यांचे हात पाहा.

खायला चालेल का? टोपण लागलेल्या भागातला चमचाभर चाखायला काहीच हरकत नाही. पण यंत्रात फिरवून बरणी भरायची असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. ज्या फ्रेमवर एकही जिवंत अळी आहे ती फिरवली तर अळ्या उडून मधात येतात. तो मध नासतो, आणि पिल्लं मरतात ती वेगळीच. पिल्लं वाढवून काळ्या झालेल्या पोळ्यात जुन्या कोषांची सालं, पराग आणि रस एकत्र असतो. टोपण न लागलेला रस अजून पातळ असतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मधात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि कच्चा रस त्याहून पुष्कळ पातळ असतो, मुंबईच्या दमट हवेत तो बरणीत फसफसतो. फ्रेम आडवी धरून एक हलका झटका द्या. थेंब उडाले तर तो मध अजून तयार नाही. शिवाय गेल्या पावसाळ्यात तुम्ही साखरेचा पाक दिला असेल, तर खालच्या फ्रेममध्ये त्याचा अंश असतोच. तो माश्यांना चालतो. शेजाऱ्यांना मध म्हणून द्यायला चालत नाही.

मला विचाराल तर तो मध पावसाळ्यासाठी त्यांचाच ठेवा. मुंबईत जून ते सप्टेंबर सरासरी २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दिवसच्या दिवस माश्या पेटीबाहेर पडू शकत नाहीत, फुलातला रस पाण्यानं धुतला जातो. सातेरी अशा वेळी उपाशी राहिली तर मरायची वाट पाहत नाही, एक दिवस पेटी सोडून निघून जाते. मार्चमध्ये मध काढून घ्यायचा आणि जुलैमध्ये साखर विकत आणून पाक करत बसायचं, यात मला काही शहाणपण दिसत नाही.

अंडी पडायला लागल्यावर, राणीला जागा करायला म्हणून एखादी पूर्ण टोपण लागलेली, पिल्लं नसलेली फ्रेम जास्तीची निघाली, तर ती अशी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद गुंडाळून फ्रिजरमध्ये दोन दिवस ठेवा, म्हणजे मेणकिड्याची (पोळं पोखरणाऱ्या किड्याची) अंडी असली तरी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. फ्रेम खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी पोळ्यावर जमतं आणि बुरशी धरते. मग त्याच पिशवीत, मुंग्या पोहोचणार नाहीत अशा कोरड्या जागी. फ्रिजरमध्ये जागा असेल तर तिथंच राहू दे, ते सगळ्यांत सुरक्षित. पिशवीवर तारीख आणि कोणत्या पेटीतली फ्रेम ते लिहा. जुलैच्या मध्यावर, पाऊस थोडा उघडलेल्या सकाळी, तीच फ्रेम त्या वसाहतीला कडेला द्या.

पेटीत कडेच्या फ्रेमवर माश्या विरळ असतील तर तिथं मेणकिडा आधी लागतो. सातेरी जुनं काळं पोळं स्वतःच कुरतडून खाली टाकते आणि त्या भुग्यात किडा वाढतो. पेटीच्या तळाची फळी दर आठवड्याला झाडत चला.

बाविसाव्या दिवशी काय दिसलं ते कळवा. मधल्या फ्रेमचा उजेडात काढलेला फोटो पाठवलात तर जास्त नेमकं सांगता येईल.